झाडाचा होकार

मला फिट यायच्या, पण मी कधी पडलो नाही. तोंडाला फेस आला नाही, हातपाय झाडले नाहीत, कुणाला माझ्या नाकाशी चप्पल किंवा कांदा धरावा लागला नाही. त्यामुळे मला काही झालंय हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही, माझ्या तर नाहीच. उलट ज्या वेळी मला फिट यायची, नेमक्या त्याच वेळी लोक मला हात जोडायचे. ही गोष्ट सरळ सांगता येईल असं मला अजून वाटत नाही, पण दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसणारी माणसं आपल्या आजाराचं नाव घेताना अजूनही आवाज खाली आणतात, म्हणून सांगून बघतो.

मी झाशीत झाडं पाडतो. म्हणजे वाळलेली, कललेली, कुणाच्या छपरावर किंवा विजेच्या तारेवर येऊ घातलेली झाडं, रीतसर परवानगी घेऊन, चेनसॉने. आमचं घराणं मूळचं गुरसरायच्या कारभाऱ्यांचं. चारपाच पिढ्या लेखणीवर जगल्या. माझे वडील छावणीत बागेच्या खात्यात कारकून होते आणि झाडं कापणाऱ्यांवर देखरेख करता करता त्यांनाच तो नाद लागला. मी तर कारकुनीही केली नाही, थेट मशीनच हातात घेतली. नातेवाईक म्हणाले, दक्षिणी पंडितांच्या, म्हणजे इकडे येऊन राहिलेल्या मराठी ब्राह्मणांच्या, घरात लाकूडतोड्या निपजला. निपजला तर निपजला, पोट भरतंय.

वडिलांची एक रीत होती. खोडाला लोखंड लागायच्या आधी डोक्यावरचं काढायचं, उजवा हात खोडावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि झाडाची माफी मागायची. मग थोडं थांबायचं. कशासाठी थांबायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी हेल्मेट काढून ते सगळं तसंच करायचो आणि थांबायचो.

चारपाच वर्षांपूर्वी मला त्या थांबण्याचं उत्तर मिळालं. एका वाळक्या शिसवाशी उभा होतो. पोटातून काहीतरी ऊन ऊन वर चढलं, छातीपर्यंत आलं, नाकात ताज्या भुशाचा वास भरला, आणि हे झाड, ही जागा, हे ऊन मी आधी कधीतरी पाहिलंय असं अगदी पक्कं वाटलं. भूल पडावी तसं गोड वाटलं. मी मनात म्हटलं, झाडाने होकार दिला. इतकी वर्षं हात ठेवतोय, आज कुठे हात पिकला. घरी आल्यावर बायकोलासुद्धा सांगितलं नाही. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की जातात म्हणे.

*

माझ्याबरोबर दोर सांभाळायला हल्के असतात. नाव हल्के, अंगाने भक्कम, बोलणं ठेठ बुंदेली. आमचं काम दोघांचं आहे. आधी मी झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खाच घेतो. मग मागून काप घालत यायचं आणि मधे लाकडाची एक पट्टी न कापता ठेवायची. दाराला बिजागरी असते तशी ती पट्टी झाडाला वळवून खाली निजवते. ती कापली गेली तर झाड कुणाचंच ऐकत नाही. म्हणून मागचा काप घालण्याआधी मी ओरडतो, "हल्के?" आणि हल्के झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभं राहून ओरडतात, "हओ!" हओ म्हणजे हो. हओ ऐकू आल्याशिवाय मशीन खोडाला लावायची नाही. हा नियम माझा. माझ्या तोंडून तो ऐकून ऐकून फांद्या उचलायला येणाऱ्या पोरांचे कान किटले होते.

आता मला हल्के सांगतात की त्या शिसवानंतरच्या तीन वर्षांत मी अधूनमधून कामाच्या मध्येच थांबायचो. एक हात खोडावर, नजर कुठेतरी लांब, आणि ओठ हलतायत. पोरं कुऱ्हाडी खाली ठेवायची. "पंडितजी पेड़ सें बतया रए," असं एकमेकांना सांगायची. झाडाशी बोलतायत. एकाने तर म्हणे विडी विझवली. थोड्या वेळाने मी भानावर यायचो आणि विचारायचो, "सगळे गप्प का?" त्यांना वाटायचं हा माझा मोठेपणा आहे.

मला काय ठाऊक! मला वाटायचं, आजकाल माणसं कामाला हळू झालीत.

*

छावणीच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात मोठी वाळलेली निलगिरी होती. बंगल्यातल्या मॅडमचा झाडावर जीव. त्या व्हरांड्यात फोन धरून उभ्या राहिल्या, त्याचं शेवटचं चित्र घ्यायला. झाड नीट पडलं. संध्याकाळी त्यांनी त्या फिल्मचा एक तुकडा लोकांना पाठवला, "पेड़ से क्षमा माँगते पंडित जी". तो फिरत फिरत ग्वाल्हेरला माझ्या मेहुणीकडे गेला आणि तिथून माझ्या बायकोकडे, सुलभाकडे आला. हार, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी आलेले, अशा सगळ्या चिन्हांचा त्याखाली पाऊस पडला होता. मी जेवता जेवता तिरक्या नजरेने बघत होतो आणि मनातल्या मनात फुगत होतो.

सुलभाने ते पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. पोळी तव्यावर करपली.

"अहो, हा तुमचा नमस्कार नाही."

"म्हणजे?"

"हेल्मेट डोक्यावर आहे. हात डावा आहे. डोळे उघडे आहेत. आणि खाच आधीच पडलीय की! मामंजी काय म्हणायचे? लोखंड लागायच्या आधी विचारायचं. ताटात वाढून झाल्यावर कुणी विचारतं का, जेवणार का म्हणून?"

आमची मुक्ता कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की गाडी हिंदीवर जाते. ती फोन जवळ घेऊन म्हणाली, "बाबा, आप कुछ चबा रहे हो. तोंडात काही होतं का? मंत्र थोड़ी है ये."

मी चिडलो. म्हटलं, दुनिया हात जोडतेय आणि घरात पंचनामा चाललाय. दुसऱ्या दिवशी सुलभाने मॅडमना फोन करून पूर्ण फिल्म मागवून घेतली.

पूर्ण फिल्म मी फक्त एकदा पाहिली आहे. मी खोडाशी उभा, ओठ चाललेत. हल्के ओरडतात, "पंडितजी, ठैरियो, रस्सा फँस गओ!" दोर शेजारच्या झाडाच्या फांदीत अडकला होता. तो सोडवायला ते आत आले, नेमके जिथे झाड पडणार तिथे. मी त्यांच्याकडे बघतो. सरळ त्यांच्याकडे. मग खाली वाकतो, मशीन उचलतो, चालू करतो, आणि मागचा काप घालायला लागतो. हाक नाही, काही नाही. हल्के मान वर करतात आणि धोतर सावरत पळतात. निलगिरी त्यांच्या मागोमाग खाली येते. धुरळा बसतो. मी मशीन बंद करून कपाळ पुसतो आणि कॅमेऱ्यात स्वच्छ ऐकू येतं, मी विचारतोय, "रस्सा कहाँ है?"

यातलं मला काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तो माणूस माझा शर्ट घालून माझ्या मित्रावर झाड पाडतोय, एवढंच मला दिसतं. माझी पाचावर धारण बसली.

*

डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि ते माझ्याशी बोलायचे थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. डोक्याचा फोटो काढायला ज्या नळीत घालतात तिथे लोक घाबरतात म्हणे. इतका खडखडाट असतो की मला तर घरच्यासारखं वाटलं. फोटोत उजव्या कानाच्या वर, आत, एक छोटी गाठ निघाली. पोटातल्या पट्टकृमीची अळी डोक्यात जाऊन बसली होती.

"सूअर का मांस खाते हैं?"

सुलभा खुर्चीतून उठलीच. "आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, मांस खायची गरज नाही. कुणाच्या तरी न धुतलेल्या हातातून, भाजीतून, पाण्यातून कृमीचं अंडं पोटात जातं, शाकाहारी माणसाच्याही. बरं होतं. वेळ लागेल. तोपर्यंत मशीन नाही, शिडी नाही, मोटारसायकल नाही.

"कब तक?"

"जब तक मैं न कहूँ."

मग त्यांनी विचारलं, फिट येण्याआधी काही जाणवतं का? काही वास, काही वेगळं? मी म्हटलं, नाही, काहीच नाही. आणि खरं सांगतो, मी काही लपवत नव्हतो. ते विचारत होते आजाराबद्दल. होकाराचा आजाराशी संबंध काय?

*

औषधं सुरू करताना थोडे दिवस भरती करून घेतलं. अळी मरताना डोकं सुजतं, त्यावर लक्ष ठेवायला. डोकं असं दुखायचं की उशीसुद्धा नकोशी व्हायची. त्यात सुजेवरच्या गोळ्यांनी भूक राक्षसासारखी लागायची. कण्हत कण्हत मी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची खिचडीही संपवायचो. त्यांना ती नकोच असायची, आमचं छान जमलं.

रोज सकाळी नर्स यायची आणि भानावर आहे का बघायला विचारायची, नाव काय, कुठे आहात, आज वार कोणता. एका सकाळी मला वार सांगता येईना. मंगळवार म्हणावं तर तो होऊन गेल्यासारखा वाटे, बुधवार म्हणावं तर आला नसल्यासारखा. मी रडवेला होऊन म्हटलं, "सिस्टर, नहीं आ रहा." तिने थोडा वेळ वर बघितलं आणि शेजारच्या सिस्टरला हाक मारली, "ए, आज कौन सा दिन है?" त्या दिवशी मला तिचे पाय धरावेसे वाटले.

एकदा दुपारी जेवण झालं होतं. स्टुलावर पाण्याचा स्टीलचा पेला होता. मी त्याच्याकडे सहज बघत होतो. पोटातून ऊन ऊन वर चढलं. छातीपर्यंत आलं. नाकात ताज्या भुशाचा वास भरला, आणि हा पेला, हे स्टूल, ही दुपार मी आधी पाहिलीय असं अगदी पक्कं वाटलं.

वॉर्डात झाड नव्हतं. कुंडीसुद्धा नव्हती. मला पेल्याने होकार दिला होता.

सुलभा बाजूला बसून लिंबू पिळत होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या शिसवापासून. सांगता सांगता मला हुंदका आला आणि आवरेना. आजाराची भीती नव्हती ती. मला वाटत होतं की मी लुबाडलो गेलो. ती ऊब माझ्या आयुष्यातली सगळ्यात पवित्र गोष्ट होती आणि ती एका अळीची निघाली. मग वडील कशासाठी थांबायचे? त्यांना काही जाणवायचं की नाही? मी मागितलेली कुठली माफी माझी आणि कुठली अळीची?

सुलभा म्हणाली, "मला नाही माहीत. पण हे डॉक्टरांना सांगायचं. आत्ता."

डॉक्टर ऐकून म्हणाले, "यही तो मैं पूछ रहा था." ती ऊब हीच फिटची सुरुवात होती. कधी तिथेच थांबायची, कधी पुढे जाऊन मला घेऊन जायची.

*

घरी आल्यावर खरी परीक्षा सुलभाची झाली. अंडं भाजीतून आलं असेल हे वाक्य तिच्या जिव्हारी लागलं होतं. तिच्या स्वयंपाकघरावर कुणीतरी बोट ठेवलं असं तिला वाटलं. कोथिंबीर इतक्या वेळा धुतली जायची की तिला वासच राहायचा नाही. मुळा बंद, कोशिंबीर बंद. एके दिवशी तिने काकडी उकडली. मी ताट सरकवलं आणि नको ते बोललो. म्हटलं, अळी मेली, आता मलाही मारणार का? ती ताटावरून उठून गेली. मुक्ता मला म्हणाली, "बाबा, तुम्ही भंडाऱ्यात, लग्नात, रस्त्यावर, सगळीकडे खाता. आई को क्यों?" ते खरं होतं. साइटवर मी ओंजळीने कुठलंही पाणी प्यायचो. कुठल्या पाण्याने दगा दिला ते कधीच कळणार नाही. संध्याकाळी मी ती काकडी मीठ लावून खाल्ली. फार वाईट लागते.

ग्वाल्हेरहून मंडळी आली, सफरचंदं घेऊन. मेहुणीच्या सासूबाई म्हणाल्या, इतक्या झाडांचे तळतळाट लागणारच. मला क्षणभर ते पटलंसुद्धा. निदान शाप म्हटलं की कुणीतरी आपल्याकडे बघितलं तरी होतं. सुलभा चहा ओतता ओतता म्हणाली, "तळतळाट लागायचा तर तो पाडणाऱ्याला लागेल. हल्के भैया कसे मरता मरता वाचले? त्यांनी काय केलं होतं?" सासूबाईंनी चहाचा कप पुढे ओढून घेतला.

हल्केंकडे जायला मात्र माझे पाय उचलत नव्हते. शेवटी मुक्ताने स्कूटरवर मागे बसवून नेलं. ते अंगणात खाट विणत होते. मी थेट विचारलं, "भैया, तुम बोले क्यों नहीं? मैंने तुम पर पेड़ गिरा दिया था."

ते विणत राहिले. "हमें लगी, तुमने टेर लगाई हुइए, हमईं ने नईं सुनी." म्हणजे मी हाक मारली असणार, त्यांनाच ऐकू आली नसणार. "और फिर पेड़ ने हुकुम दै दओ, तौ तुम का करते?"

"हुक्म नहीं था, भैया. बीमारी थी."

त्यांनी हात थांबवले. "हमेसा सें?"

"पता नहीं," मी म्हटलं. आणि हे म्हणताना मला जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नाही. माझी रीत त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मानली होती आणि त्याच मानापायी ते झाडाखाली उभे राहिले होते. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. ते ओशाळून म्हणाले, "अरे पंडितजी, जो का करत?"

*

त्यानंतर मशीन हल्केंनी घेतली आणि दोर व हाक माझ्याकडे आली. त्यांना शिकवताना मी लांबून इतका ओरडायचो की घसा बसायचा. पट्टी राखा. पळायची वाट आधी साफ करा, तिरकी मागे. झाड हललं की वर बघत बसू नका. नियमही बदलला. आता मी हओ म्हटल्याशिवाय खाचसुद्धा घ्यायची नाही. नमस्कार दोघांनी करायचा. माझा हात खोडावर असतो, आत काही होत नाही. माफी मागून होते आणि पुढे नुसतं खोड लागतं हाताला, खरखरीत. कधी वाटतं, हेच बरं. कधी फार एकटं वाटतं.

वर्ष उलटलं. फिट नाही. डॉक्टर गोळी कमी करत आले आणि म्हणाले, पुढच्या खेपेला सगळं ठीक असेल तर मशीनचा विचार करू. मी त्या खेपेची वाट लग्नाच्या तारखेसारखी बघत होतो. हाताला मशीनची सवय अजून होती, झोपेतसुद्धा बोटं वळायची.

ती खेप आठवड्यावर आली होती. लक्ष्मी ताल या तळ्याच्या बाजूला एका शाळेच्या आवारात वाळलेला शिसव होता. सुट्टी होती, आवार रिकामं. आम्ही फांद्या उतरवल्या होत्या, त्यांचा भुसा सगळीकडे पडला होता. दोघांनी नमस्कार केला. हल्केंनी मशीन चालू केली, खोडाशी उभे राहिले आणि हाक दिली, "पंडितजी?"

माझ्या पोटात काहीतरी ऊन झालं.

मी चाचपडायला लागलो. वास येतोय, पण भुसा खरोखरच पायाशी आहे. हे आधी पाहिलंय असं वाटतंय, पण असे शिसव मी खरंच पाहिलेत. कदाचित सकाळची जिलेबी असेल. कदाचित मी नुसताच खूश असेन, सुंदर सकाळ होती आणि आठवड्याने मशीन मिळणार होती. माणसाने खूशही होऊ नये का? बोललो तर डॉक्टरांना सांगावं लागेल, सगळं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. नाही बोललो तर कुणाला कळणार होतं?

"पंडितजी?" हल्केंनी पुन्हा विचारलं. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडातून हओ निघाला असता तर तो कुणाचा असता हे मला सांगता आलं नसतं.

"बंद करो!" मी ओरडलो. "भैया, मशीन बंद करो!"

त्यांनी मशीन बंद केली, खाली ठेवली आणि माझ्याकडे आले. "का भओ?"

"पता नहीं. दौरा आ रहा है, या नहीं आ रहा. मुझे समझ में नहीं आ रहा."

त्यांनी मला फांद्यांपासून लांब नेऊन भिंतीशी बसवलं. ते माझ्याशेजारी बसले आणि झाडाकडे बघत म्हणाले, "तौ कल काट लेबी. पेड़ कहूँ भगो नईं जा रओ."

पुढे काहीच झालं नाही. ऊब विरून गेली, किंवा ती नव्हतीच. मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळी वाढवली. मशीन अजून हल्केंकडेच आहे.

तिथे भिंतीशी बसूनच मी सुलभाला फोन लावला. म्हटलं, आज बहुतेक परत आलं. नक्की सांगता येत नाही. आता मशीन काही मिळत नाही.

तिने विचारलं, "हल्के भैया कुठे आहेत?"

"हे काय, माझ्या शेजारी बसलेत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.